पोरीचा गुडघा आणि अधिकाऱ्याची वर्दी

 

कर्ज, व्याज, पापड-कुरडया यांवर आपण नेहमीच बोलतो. आज गुडघ्यावर बोलायचे आहे. आपल्या जिने चढून दुखणाऱ्या गुडघ्यांवर नाही, त्यांचे रडगाणे पुन्हा कधीतरी. आज आहे पंधरा-सोळा वर्षांच्या लेकीचा आणि लेकाचा गुडघा. कबड्डी, खो-खो, फुटबॉल खेळताना त्याला मार बसला तर पुढे लष्करात अधिकारी होता येते का, असा प्रश्न आमच्याकडे एकाहून जास्त गटांतून आला. उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढ्यावर भागत नाही. गुडघ्यात नेमके काय दुखावले, यावर ते ठरते. आणि बऱ्याच घरांत ते कोणी वेळेवर पाहतच नाही.

हा प्रश्न आमच्या वस्तीत का येतो, तेही सांगतो. एमआयडीसीचे काम १९६२ साली सुरू झाले ते आमच्या वागळे इस्टेटमध्ये. कारखाने आले तशी साताऱ्याकडची, सांगलीकडची, कोकणातली माणसे किसननगर, श्रीनगर, लोकमान्यनगरच्या चाळींत राहायला आली. येताना गावचा फौजेचा नादही घेऊन आली. आपशिंगे मिलिटरी हे नाव साताऱ्याच्या बाईला वेगळे सांगावे लागत नाही. पूर्वी हा नाद फक्त मुलांपुरता होता. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने एनडीएची परीक्षा मुलींना खुली झाली. २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी खडकवासल्याला गेली आणि ३० मे २०२५ रोजी त्यांतल्या १७ जणी प्रशिक्षण पुरे करून बाहेर पडल्या. आपल्या सरकारनेही नाशिकला मुलींसाठी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली आहे. मुलांसाठीची तशी संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे. त्यामुळे आता दहावीतली पोर आईला म्हणते, "मला एनडीए करायचंय." आणि ती बहुधा मैदानावर खेळणारीच पोर असते. अभ्यास, धाडस, खेळ, तिघांची आवड असणारी. म्हणजे जिला वर्दी हवी, तिचाच गुडघा जास्त धोक्यात.

आता गुडघा आतून कसा आहे ते समजून घेऊ. वर मांडीचे हाड, खाली नडगीचे हाड, पुढे वाटी. ही हाडे जागेवर धरून ठेवतात ते पट्टे म्हणजे लिगामेंट. त्यांतले दोन पट्टे सांध्याच्या आत एकमेकांना तिरके छेदून जातात, खाटेच्या सुंभासारखे. पुढचा जो पट्टा, त्याला डॉक्टर एसीएल म्हणतात. नडगी पुढे सरकू न देणे आणि वळताना गुडघा सावरणे हे त्याचे काम. दोन हाडांच्या मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात, त्यांना मेनिस्कस म्हणतात. डोक्यावर हंडा घेताना आपण चुंबळ ठेवतो ना, तसेच त्यांचे काम. चुंबळ फाटली की हंडा डोक्याला रुततो. गादी फाटली की हाडावर हाड घासते.

कबड्डीत चढाई करणारी पोर पळता पळता एकदम वळते. पाय मॅटवर घट्ट रोवलेला असतो आणि अंग फिरते. वरून कोणीतरी मांडी नाहीतर घोटा पकडलेला असतो. एसीएल तुटण्याची ही अगदी नेहमीची तऱ्हा. खो-खोत खांबापाशी गिरकी घेताना, उडी मारून एका पायावर उतरताना तेच होते. एकच खेळ खेळणाऱ्या मुला-मुलींत हा पट्टा तुटण्याचे प्रमाण मुलींत जास्त आहे. जगभर हे पाहिले गेले आहे. उडीवरून उतरताना मुलींचे गुडघे आत झुकतात, मागच्या मांडीचे स्नायू तितके तयार नसतात, अशी कारणे सांगतात. मुलींनी खेळू नये असा याचा अर्थ कोणी काढू नये. पुढे जे सांगणार आहोत ते मुलींच्या आयांनी दोनदा ऐकावे, एवढाच अर्थ.

प्रत्येक गुडघेदुखी म्हणजे पट्टा तुटला असे नसते. वाढत्या वयात, साधारण दहा ते पंधराच्या दरम्यान, वाटीच्या खाली नडगीवर एक दुखरा उंचवटा येतो. पळणाऱ्या, उड्या मारणाऱ्या मुलांत तो फार दिसतो. खेळ थोडा कमी केला, व्यायाम नीट केले की बहुतेकांचा तो वाढ पुरी होताना शांत होतो. साधी लचक काही आठवड्यांत बरी होते. पण मार बसताना आतून 'टक्' असा आवाज आला, दोन-चार तासांत गुडघा भोपळ्यासारखा सुजला आणि सूज उतरल्यावरही चालताना, वळताना तो दगा देतो, तर ते लचकणे नव्हे. गुडघा अर्ध्यात अडकून सरळच होत नसेल तर गादीचा तुकडा मध्ये आलेला असू शकतो. आणि हे लक्षात ठेवा, एक्स-रेमध्ये हाड दिसते, पट्टा आणि गादी दिसत नाही. "एक्स-रे नॉर्मल आहे, काही झालेलं नाही" असे म्हणून घरी परत आलेल्या पोरी आम्ही पाहिल्या आहेत. पट्टा आणि गादी पाहायला हाडांच्या डॉक्टरांनी हाताने तपासावे लागते आणि गरज असेल तर एमआरआय काढावा लागतो.

आता लष्कराचा नियम. एनडीएची परीक्षा यूपीएससी घेते आणि तिची जाहिरात वर्षातून दोनदा निघते. त्या जाहिरातीच्या शेवटी वैद्यकीय निकषांची पाने असतात. बहुतेक जण वयाची अट आणि फी पाहून जाहिरात बंद करतात. आम्ही म्हणतो, ती शेवटची पाने आधी वाचा. हवाई दलाच्या निकषांत गुडघ्याबद्दल अगदी स्पष्ट लिहिले आहे: लिगामेंट सैल असलेला गुडघा चालत नाही आणि एसीएलचे ऑपरेशन करून पट्टा नव्याने बसवलेला उमेदवार अपात्र. लष्कराचे आणि नौदलाचे डॉक्टरही गुडघ्याच्या आतल्या बिघाडाकडे फार बारकाईने पाहतात.

या दोन वाक्यांवर जरा थांबू या, कारण सगळा गैरसमज इथेच आहे. आपल्याकडे समज असा की ऑपरेशनचा व्रण दिसला की पोर बाद होते, म्हणून ऑपरेशन टाळावे. पण नियम नीट वाचा. पट्टा तुटून गुडघा सैल राहिला, ऑपरेशन केले नाही, तरी तो अपात्रच आहे. म्हणजे एसीएल पूर्ण तुटला असेल तर ऑपरेशन टाळून वर्दी वाचत नाही. टाळल्याने एवढेच होते की सैल गुडघ्यावर पोर पळत राहते आणि चांगली असलेली गादीही फाटून घेते. तेव्हा ऑपरेशन करायचे की नाही हे गुडघ्याकडे बघून ठरवावे, वर्दीकडे बघून नाही. काही जणींना ऑपरेशनशिवाय, नुसत्या व्यायामाने चालते, काहींना ऑपरेशन लागते. वाढ पुरी झालेली नसेल तर हाडाची वाढ होते त्या जागेला धक्का लागू नये म्हणून डॉक्टर वेगळा विचार करतात. ते त्यांना ठरवू द्या.

जिथे वर्दी खरोखर वाचू शकते ती जागा दुसरीच आहे. पट्ट्याला अर्धवट मार बसलाय, बाजूचा पट्टा ताणला गेलाय, वाटी दुखावलीय, गादीला लहानशी चीर आहे. अशा वेळी वेळेवर विश्रांती, नीट व्यायाम, डॉक्टर म्हणतील तेवढे महिने खेळ बंद, एवढे केले तर गुडघा पुन्हा भक्कम होण्याची चांगली शक्यता असते. बोर्डासमोर भक्कम, न सुजणारा, न दुखणारा, पूर्ण वाकणारा गुडघा नेता येतो. तिथे शेवटचा निर्णय बोर्डाचाच. कोणता क्लासवाला किंवा कोणते कोच आधी हमी देत असतील तर ती खोटी समजा. पण अशी पोर पहिल्या महिन्यात थांबली नाही तर तिचे थोडेसे दुखणे मोठे होते.

आमच्या एका गटातल्या ताईंच्या घरी हेच झाले. नाव सांगत नाही. पोर अकरावीत, कबड्डीत चढाईला पहिली. जिल्ह्याच्या सामन्यांआधी सरावात गुडघा वळला आणि संध्याकाळपर्यंत सुजला. जिथे ती एनडीएच्या तयारीला जायची, तिथल्या एका सरांनी सांगितले की दवाखान्यात जाऊ नका, एकदा कागदावर नोंद झाली की करिअर संपले. घरच्या मोठ्या माणसांनी वेगळेच कारण काढले. पोरीच्या पायात काही आहे असे चार लोकांना कळले तर उद्या लग्नाला अडचण. आई बिचारी रात्रपाळीहून येऊन बर्फ लावायची, शेजारचा एक जण येऊन मालिश करून जायचा. तीन आठवड्यांनी पट्टी बांधून पोर सामन्यात उतरली. दुसऱ्याच चढाईत खाली बसली ती उचलूनच आणावी लागली. एमआरआय झाला तेव्हा पट्टाही तुटलेला आणि गादीही फाटलेली. पहिल्या दिवशी नेमके काय तुटले होते आणि दुसऱ्या दिवशी काय, हे आता कोणीच सांगू शकत नाही. तिची आई आम्हाला हेच पुन्हा पुन्हा विचारते.

त्या सरांचा सल्ला दोन्हीकडून चुकीचा होता. एक तर लष्कराचे बोर्ड आपल्या दवाखान्याचे रजिस्टर तपासायला येत नाही, ते गुडघा तपासते. हाडांचे डॉक्टर सांधा पुढे-मागे ओढून पाहतात, उकिडवे बसवतात, तसेच चालवतात, दोन मांड्यांची जाडी सारखी आहे का पाहतात. ज्या पायाचा गुडघा दुखावलेला असतो त्या मांडीचा स्नायू बारीक होतो, तो लपत नाही. दुसरे म्हणजे तपासणीच्या वेळी उमेदवाराकडून आधीचे आजार, दुखापती, ऑपरेशन यांची माहिती लिहून घेतात आणि खाली सही घेतात. खोटी माहिती देऊन आत गेलेली पोर पुढे कधीही अडचणीत येऊ शकते. बरी झालेली दुखापत कागदपत्रांसकट सांगणे आणि बोर्डाने ती स्वतः तपासणे, यात पोरीचे काही जात नाही. आमचे मत विचाराल तर, देशाची अधिकारी व्हायला निघालेल्या मुलीला आपणच पहिल्या पायरीवर खोटे लिहायला शिकवायचे, हे काही बरे नाही.

एवढा कडकपणा कशाला, असे एका बैठकीत एका मावशींनी विचारले. "गुडघा काय, आम्ही त्याच गुडघ्यांनी चाळीस वर्षं काम केलं!" खरे आहे, मावशी. पण खडकवासल्याचे तीन वर्षांचे प्रशिक्षण म्हणजे पाठीवर वजन घेऊन डोंगर चढणे, रात्रंदिवस पळणे. तिथल्या एका कठीण सरावाचे नावच 'कॅम्प तोरणा' आहे. तिथे चांगले गुडघेही मोडतात. आणि मोडले तर पुढे काय होते, हेही आयांना माहीत असावे. प्रशिक्षणात गंभीर दुखापत होऊन ज्यांना वैद्यकीय कारणाने घरी पाठवले जाते, ते कॅडेट अजून अधिकारी झालेले नसतात, म्हणून त्यांना माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. १९८५ पासून असे सुमारे ५०० कॅडेट बाहेर पडल्याची बातमी आली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर त्याच महिन्यात केंद्र सरकारने अशा कॅडेटना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत उपचार देण्याचा निर्णय केला. इतकी वर्षे त्यांच्या आईबापांनी खर्च कसा केला असेल, ते आपल्यासारख्यांनाच कळेल. सैल गुडघा लपवून आत पाठवलेल्या पोरीच्या नशिबी हे येऊ शकते. म्हणून दारातली तपासणी कडक आहे आणि ती पोरीच्या बाजूची आहे, असे आम्ही समजतो.

तपासणी कधी होते, त्याचाही गोंधळ असतो. एनडीएला वय साडेसोळा ते साडेएकोणीस, बारावीत असलेली किंवा बारावी झालेली, अविवाहित. आधी लेखी परीक्षा. त्यात निवडलेल्यांना एसएसबीची पाच दिवसांची मुलाखत. त्यात निवड झाली तरच लष्करी रुग्णालयात वैद्यकीय तपासणी. म्हणजे दोन-अडीच वर्षे क्लासची फी भरून, घरदार उलटेपालटे करून, शेवटच्या पायरीवर कळते की गुडघा चालत नाही. यूपीएससी स्वतः जाहिरातीत सांगते की अर्ज करण्याआधी आपली तपासणी करून घ्या. आमचेही तेच सांगणे आहे. क्लासची पहिली फी भरण्याआधी एकदा हाडांच्या डॉक्टरांना सगळा पाय दाखवा. फी घेणारे हे सांगत नाहीत.

एक तपासणी तर घरीच होते आणि तिला दुखापत लागत नाही. पोरीला सरळ उभे करा, गुडघे एकमेकांना टेकवायला सांगा आणि दोन घोट्यांच्या आतल्या हाडांमधले अंतर टेपने मोजा. हवाई दलाच्या निकषांत हे अंतर मुलांत ५ सेंटिमीटरहून जास्त आणि मुलींत ८ सेंटिमीटरहून जास्त चालत नाही. शिवणकामाची टेप प्रत्येक घरात आहे. आकडे आपल्याला माहीत असावेत म्हणून सांगितले, पण पोरगी अर्ज करील त्या वर्षीच्या जाहिरातीत ते पुन्हा पाहा.

बोर्डाने अपात्र ठरवले तर दोन प्रकार असतात. तात्पुरते अपात्र आणि कायमचे अपात्र. दोन्हींत अपिलाची सोय आहे. अपिलाचे बोर्ड दुसऱ्या लष्करी रुग्णालयात बसते आणि त्याची मुदत साधारण ४२ दिवसांची असते. हातात मिळालेल्या कागदावर रुग्णालयाचे नाव, तारीख, कारण सगळे लिहिलेले असते. तो कागद घरी येऊन कपाटात ठेवायचा नाही. अपिलाआधी बाहेरच्या चांगल्या सरकारी रुग्णालयातल्या हाडांच्या तज्ज्ञाचे मत आणि ताजा एमआरआय सोबत असला तर बोलायला आधार असतो. अपिलातही अपात्र ठरले तर पुनर्विलोकन बोर्डाची मागणी करता येते, पण ते मंजूर होईलच असे नसते. आणि मोबाईलवरच्या इंग्रजी व्हिडिओंत 'वेव्हर' म्हणजे खास सूट असा शब्द येतो, तो अमेरिकेच्या फौजेचा आहे. तिकडे ऑपरेशन झालेल्या गुडघ्यालाही काही वेळा सूट मागता येते. तो व्हिडिओ पाहून एका पोराने आमच्याकडे अर्जाचा नमुना मागितला होता! आपल्याकडे अपील आहे, तशी सूट नाही.

हाड मोडले असेल तर हिशोब वेगळा. मोड सांध्याच्या आत, म्हणजे गुडघ्याच्या पृष्ठभागावरच असेल तर ते अवघड. पण सांध्यापासून दूर, नडगी किंवा मांडीच्या मधल्या भागात मोडून प्लेट किंवा सळई घातली असेल, तर ती आत असेपर्यंत अपात्र आणि काढल्यावर किमान बारा आठवड्यांनी तपासणीला उभे राहता येते. इथे वयाचे गणित महत्त्वाचे. सोळाव्या वर्षी घातलेली प्लेट कधी काढायची, ते डॉक्टरांना लगेच विचारून ठेवा. एकोणिसाव्या वर्षी आठवण होऊन उपयोग नाही.

आता दुखापत झाल्यावर पहिल्या दिवसांचे. खेळ त्याच क्षणी बंद. "थोडं चालून बघ, मोकळं होईल" हे बंद. कापडात गुंडाळून बर्फ पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा. गुडघ्याला हलकी क्रेप पट्टी, पाय उशीवर उंच. ताज्या सुजेवर मालिश नको, गरम शेक नको, हाड बसवणाऱ्याकडून ओढून घेणे तर मुळीच नको. आपल्या गावागावांत हाडवैद्यांवर लोकांचा जीव आहे, आम्हाला ठाऊक आहे. पण तुटलेला पट्टा ओढून बसत नाही आणि नुसता ताणलेला पट्टा ओढल्याने तुटू शकतो. पायावर भारच देता येत नसेल, गुडघा वेडावाकडा दिसत असेल, पाऊल बधिर किंवा गार पडले असेल तर त्याच दिवशी रुग्णालय. नाहीतर दोन-चार दिवसांत हाडांचे डॉक्टर. सुजेमुळे पहिल्या दिवशी नीट तपासता आले नाही तर ते आठ-दहा दिवसांनी पुन्हा बोलावतात. तेव्हा जा. बरे वाटते म्हणून ती खेप चुकवू नका. बरे वाटणे आणि गुडघा भक्कम असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एसीएलचे ऑपरेशन झालेल्या मुलीने तर निदान नऊ महिने खेळात उतरू नये असे सांगतात, कारण या वयात तो पुन्हा तुटण्याचा धोका मोठा.

खर्चाचे बोलायला हवे. आमच्या वस्तीत कारखान्यात काम करणाऱ्या कितीतरी बायांच्या आणि त्यांच्या नवऱ्यांच्या पगारातून ईएसआयची रक्कम कापली जाते. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला ती योजना लागू आहे आणि अवलंबून असलेल्या मुलांनाही उपचार मिळतात. वागळे इस्टेटमध्ये कामगार विमा रुग्णालय आहे आणि तरी लोक आधी खासगी दवाखान्यात पैसे घालवून येतात. कार्डावर मुलांची नावे चढवली आहेत का, एवढे आज घरी जाऊन पाहा. गावाकडच्या तुम्हा मैत्रिणींना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचे टेबल असते. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्या टेबलावर जा आणि हा उपचार यादीत बसतो का ते विचारा, मग भरती व्हा. ठाण्याकडच्यांना कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, पुढे शीव आणि केईएम आहेच. रांग लागते, पण हाडांचे मोठे विभाग तिथे आहेत.

एमआरआयचे पैसे मात्र अनेकदा तातडीने उभे करावे लागतात. गटातून त्यासाठी अंतर्गत कर्ज द्या. लेकाच्या बाईकसाठी कर्ज मंजूर करणारा गट लेकीच्या गुडघ्यासाठी "बघू पुढच्या महिन्यात" म्हणतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे आणि बैठकीत तोंडावर बोललोही आहोत. एका गटाने मग आजारपणाच्या कर्जात खेळातली दुखापत असे वेगळे लिहूनच घेतले.

कागद सांभाळा. पहिल्या दिवसाची चिठ्ठी, एक्स-रे, एमआरआयची फिल्म आणि अहवाल दोन्ही, ऑपरेशन झाले तर डिस्चार्जचे कार्ड, फिजिओथेरपी किती दिवस केली त्याची नोंद. एका पिशवीत, तारखेप्रमाणे. ओल लागणार नाही अशा जागी, हे चाळीतल्या बाईला सांगायची गरज नाही.

आणि ज्या पोरीचा पट्टा खरोखर गेला आहे, तिला खरे सांगा. लवकर सांगा. अठराव्या वर्षापर्यंत आशेवर ठेवून क्लासला पाठवणे हे प्रेम नव्हे. पदवीनंतरच्या सीडीएसला, एनसीसीच्या खास प्रवेशाला, सैनिकी नर्सिंगला, सगळीकडे लष्कराची वैद्यकीय तपासणी आहेच. एक दार सोडून दुसऱ्या दाराने गुडघा आत जात नाही. पण संरक्षण खात्याचे काम फक्त वर्दीत होत नाही. आपल्या ठाणे जिल्ह्यात अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, डीआरडीओमध्ये शास्त्रज्ञ आहेत, मुंबईत नौदलाची गोदी आहे. तिथे मुलकी नोकरीसाठी रणांगणावरचा गुडघा मागत नाहीत. आमच्या त्या कबड्डीच्या पोरीचे ऑपरेशन झाले. सध्या ती रोज सकाळी भिंतीला पाठ लावून व्यायाम करते आणि बारावीला गणित घेऊन बसली आहे. इंजिनिअरिंगचे बघते म्हणाली. सरांकडचा क्लास तिने स्वतःच बंद केला. आईने विचारले तर म्हणाली, फी परत मागून आण.

शेवटची एक गोष्ट, खेळाच्या बाईंना आणि सरांना सांगायची. सामना असो की सराव, सुरुवातीला पंधरा मिनिटे अंग तयार करून घ्यायचे: हळू पळणे, उडी मारून दोन्ही पायांवर मऊ उतरणे, उतरताना गुडघा पावलाच्या सरळ रेषेत ठेवणे, एका पायावर तोल सांभाळणे, मागच्या मांडीचे व्यायाम. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने असा एक कार्यक्रमच बसवला आहे आणि तो नेमाने करणाऱ्या संघांत दुखापती कमी झाल्याचे दिसले आहे. त्याला पैसा लागत नाही, पंधरा मिनिटे लागतात. शाळेच्या पालकसभेत कोणी तरी उठून हे विचारायला हवे. पुढच्या सभेला आपल्या गटातल्या दोघी-तिघींनी मिळून जा, एकटीचे कोणी ऐकत नाही.

तुमच्या गावात असे काही झाले असेल तर आम्हाला कळवा.